उकिडव्यांचा चेहरा

मंगळावरच्या वसाहतीत काहीच वाया जात नसे. मेलेला माणूससुद्धा शेताच्या खतात जाई. दामोदर उकिडवे गेले तेव्हा त्यांची बायको यमुना शिल्पकार हेमांगीला म्हणाली, "फोटो आहेत गं, पण हाताला लागेल असं काहीतरी करून दे."

माती मिळणार नव्हती. बाहेरची विषारी होती आणि आतली सगळी शेताची. हेमांगीने उकिडव्यांच्या खोलीतली हवा गाळणारी जाळी उघडली. तिच्यात करड्या लोकरीसारखा थर साचला होता. त्यात त्यांचे केस होते, कातडीची धूळ होती, सदऱ्याचे धागे होते.

शेत सांभाळणारे खोत म्हणाले, "हेमांगीबाई, हा थर खतात जातो. नियम आहे."

"मग तेवढी भाजी माझ्या ताटातून कमी करा."

खोत जरा घुटमळले, पण त्यांनी थर तिच्याकडे सोडला.

बटाट्याच्या खळीत तो मळून तिने चेहरा घडवला. वाळताना त्याला भेगा पडल्या. तिने तो भिजवून पुन्हा मळला. खळ पातळ केली, तर हनुवटीच गळून पडली. ती पुन्हा कामाला बसली. शेवटी ओल्या फडक्याखाली सावकाश वाळत ठेवल्यावर चेहरा टिकू लागला.

तो अजून ओलसर असतानाच तिने यमुनाला बोलावलं. यमुनाने डोळे मिटून कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवली.

"ह्यांचं नाक एवढं सरळ नव्हतं," ती म्हणाली आणि अंगठ्याने तिने ते डावीकडे दाबलं.

अंगठ्याचा ठसा नाकावर उमटला. हेमांगीने तो पुसला नाही.