एकटीपुरता भात

वसतिगृहात शेकडो पोरींचं जेवण रांधणाऱ्या मावशी डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात पाठीवर सॅक टाकून पहिल्यांदाच एकट्या भटकायला निघणार होत्या. तंबू, नकाशा, बूट, सगळं जय्यत तयार होतं. घोडं अडलं होतं भातापाशी. “एकटीपुरता रांधून दाखव, मगच जा,” त्यांच्या दादाने अट घातली होती. गॅलरीत चिमुकल्या स्टोव्हवर रोज सराव चाले, पण हात पडला सढळ. भात झाकण उचलून बाहेर यायचा. घरच्यांची चंगळ! आज मात्र मावशींनी मुठीतले निम्मे तांदूळ मनावर दगड ठेवून परत डब्यात सोडले. वास सुटताच दादा, वहिनी, भाची ताटल्या घेऊन हजर. ओठांवर आलेलं “कुणाला वाढू?” मावशींनी घासाबरोबर गिळलं आणि पातेल्याचा तळसुद्धा चाटूनपुसून लख्ख केला. “आणि आम्ही?” दादा कळवळला. “तुमचं तुम्ही बघा!” म्हणत मावशींनी रिकामं पातेलं नगाऱ्यासारखं बडवलं.