आईचं नाव

"ताई, आई गेली. उद्या सकाळी माती देतोय," जालन्याहून भाऊ फोनवर म्हणाला. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यातून एस्तेरला इतक्या लवकर पोहोचणं शक्यच नव्हतं. "माझ्यासाठी थांबू नका," एवढंच ती म्हणाली.

मिशनच्या दवाखान्यात ती नर्स होती. शिपायाला कारण सांगून ती घरी आली. मराठीत दोन शब्द बोलायलाही इथे कुणी नव्हतं. गावातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं तिनं केली होती. रविवारी त्या प्रार्थनेला यायच्या, पण तिच्या घरी कधी कुणी बसलं नव्हतं.

दुपारी बातमी कळून त्या बायका चटया घेऊन आल्या आणि जमिनीवर बसल्या. काय करावं ते न सुचून एस्तेर बायबल शोधू लागली. एका म्हातारीनं तिचा हात धरला.

"आज तू काही करायचं नाहीस. आईचं नाव सांग."

इतक्या वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं.

"रत्नमाला."

"लतिनामाला!" म्हातारीनं हंबरडा फोडला. मग सगळ्याच त्या नावानं रडू लागल्या. एस्तेरनं उच्चार सुधारला नाही. ती त्यांच्यात जाऊन बसली आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू तिनं मोकळं सोडलं.