वेल वळते तिथे

"आनखी मोठं कर, ताई," आधार म्हणाला.

मंदाबाईने माउस फिरवला. पडद्यावरचं कापसाचं बोंड नारळाएवढं झालं, तेव्हा कुठे ते त्याला दिसलं. चार पाकळ्या, खाली देठ, आणि डाव्या पाकळीच्या कडेला पटाशी घसरल्याची खूण. तीस वर्षांपूर्वी सागाच्या ठशात त्यानेच कोरलेलं. डोळे अधू झाल्यापासून तीन वर्षं स्वतःचं काम तो बोटांनीच चाचपत होता.

सकाळी दहापासून ते तिघं धुळ्याच्या त्या लग्नपत्रिका छापायच्या दुकानात बसले होते. मंदाबाई कॉम्प्युटरसमोर, सोनगीरहून आलेला आधार तिच्या शेजारी, आणि त्याची बायको झुंबरबाई दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर ठशांची पिशवी घेऊन. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. ठसे तो कोरायचा, कापडावर ती उमटवायची.

काम रुपचंदशेठचं होतं. तो लोकरीच्या शाली छापून विकायचा. हातछपाई त्याने कधीच बंद केली होती. आता ठशाचा कागदावरचा उमटा कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, तिथे नक्षी जुळवायची, तिची फिल्म काढायची आणि जाळीवरून भराभर छापायचं. शालीसाठी बोंडांच्या वेलीची सरळ किनार एका तासात जुळली होती. पण या खेपेला मागणी स्कार्फची होती. स्कार्फ चौकोनी, आणि चौकोनाला चार कोपरे.

कॉम्प्युटरने वेल आपोआप वळवून दिली खरी, पण कोपऱ्यावरची बोंडं मधोमध चिरून.

"आबा, पाचपर्यंत कोपरा बसला तर तुमची वेल घेतो," रुपचंद सकाळी म्हणाला होता. "नाही तर सुरतेहून आणलेली फुलं तयार आहेत. मला थांबता येणार नाही."

आधार काचेवर बोट ठेवून सांगायचा, इथे काप. मंदाबाई कापायची. एक बोंड तिरपं बसवून पाहिलं, ते गळून पडल्यासारखं दिसलं. दोन बसवली, तर गर्दी झाली. देठाला पीळ दिला, तर बोकडाची शिंगं झाली. दर वेळी तो डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "नही." मंदाबाईचं मनगट भरून आलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

साडेतीनला त्याने पाठ खुर्चीला टेकली.

"ऱ्हाऊ दे ताई. सुरतनं फूल लाय दे."

वेल गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं. त्याला फक्त आपली पाठ जाणवत होती.

"बोंड काढी टाक ना," झुंबरबाई दारातून म्हणाली.

"कोठलं?"

"कोपरानं. तठे मी बोंड कधी उमटाडंच नही."

तिने पिशवी खाली ठेवली आणि ती आत आली. कॉम्प्युटरच्या फार जवळ गेली नाही. हात पुसला आणि लांबूनच बोट दाखवलं. "लोकर रंग पेस, ताई. कोपरामा दाटी करी तर डाग पडस. मी कागद आडवा धरू, बोंड झाकी लेऊ. नुस्ता देठ वाकाडू, नि ठसानी कड टेकाडीसन एकच पान लाऊ."

मंदाबाईने बोंड पुसलं. देठ वाकवला. बाजूचं एक पान उचलून थोडं कलतं ठेवलं. मग तिने चौकोन पूर्ण करून दाखवला.

वेल वळली होती. चारही ठिकाणी.

झुंबरबाईने छापलेले चौकोनी रुमाल आधारने एके काळी हजारदा हातात धरले होते. कोपऱ्याकडे त्याचं लक्ष कधी गेलं नव्हतं. आपला ठसाच तिथे वळतो, असं तो धरून चालला होता.

"सांगं काबर नही?" त्याने विचारलं.

"तू कधी इचारं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली आणि पिशवीतले ठसे एकेक करून फडक्यात गुंडाळू लागली.

पाचच्या आत रुपचंद आला. चष्मा वर सारून त्याने वाकून पाहिलं आणि आधारच्या खांद्यावर थाप मारली. "जमलं की, आबा! म्हाताऱ्या हातात अजून कसब आहे बरं का."

"मनं नही ते. हिनं शे," झुंबरबाईकडे हात करून आधार म्हणाला.

रुपचंद हसला. म्हाताऱ्याचा विनय त्याला आवडला. "फिल्म काढा, मंदाबाई, उद्या छपाईला घेतो," असं म्हणत तो निघूनही गेला.

"ताई," आधार म्हणाला, "तो कोपरा मोठा कर."

मंदाबाईने केला. पान पडद्याभर झालं. त्याने तोंड इतकं जवळ नेलं की काचेवर वाफ धरली. त्याने ती बाहीने पुसली आणि पुन्हा बघितलं. पानाच्या रेषा त्याच्याच होत्या. ते ज्या जागी होतं, तिथे ठेवायचं मात्र त्याला कधी सुचलं नसतं. दिवसभर बसून त्याची कंबर धरली होती, पण तो उठला नाही.

"आनखी काय काय सुधारं तू मनं?" मागे न वळता त्याने विचारलं.

झुंबरबाईने पिशवीची गाठ मारली आणि त्याच्या दंडाला हात घातला.

"ऊठ," ती म्हणाली. "सोनगीरनी यष्टी चुकी जाई."