बारावी सोंगटी

कॉव्हेंट्रीच्या महिला फुटबॉल संघाच्या ड्रेसिंगरूममध्ये कोच एस्बेन मॅचआधी फळ्यावर चुंबकाच्या सोंगट्या मांडत होते. त्या मोजून आठ नंबरची अपूर्वा फिजिओच्या कानाशी कुजबुजली, “वैभवीताई, बारा! कोचचं मॅथ्स एकदम वीक आहे.” वैभवीने सोंगट्या पुन्हा मोजल्या. एकेकाळी डॅनिश मिडफिल्डर असलेल्या एस्बेननी अठरा वर्षं डोक्याने चेंडू टोलवले होते. गेल्या महिन्यात तिच्या स्मरणचाचणीत ते नापास झाले, तेव्हा म्हणाले होते, “सीझन संपेपर्यंत कुणाला सांगू नकोस. कोचिंग गेलं, तर जगू कसा?” तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. “कोच, मधली ही जास्तीची सोंगटी कुणाची?” अपूर्वाने विचारलं. “माझी.” सगळ्या खिदळल्या. एस्बेननी जाकीट काढून घडी घातली आणि अपूर्वापुढे हात केला. “माझा शर्ट दे. आठ नंबर माझा आहे.” ताई काहीतरी बोलेल, म्हणून अपूर्वा वैभवीकडे पाहत राहिली.