कोपर

वर्नाच्या खांद्याच्या हाडात कॅन्सर असल्याचं कळलं, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “गेले सहा महिने तरी हात वर जात नसणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

तिचा नवरा हार्लन खाली बघू लागला. टेक्सासच्या शाळेत तीस वर्षं पोरांना हाताने खेळायचा अमेरिकन फुटबॉल फेकायला शिकवणारा हा गडी फेकीतली चूक मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून हेरतो म्हणून मिरवायचा.

“आलं की,” वर्ना म्हणाली. “अंगणात रोज मला चेंडू फेकायला लावतो आणि खेकसतो माझ्यावर. बोटं चेंडूच्या शिवणीवर ठेव, कोपर खांद्याच्या वर ने, खरकटं पाणी फेकल्यासारखं काय फेकतेस. मी म्हणते, जात नाही रे वर. तर म्हणतो, आळशी आहेस.”


वर्ना जाऊन दोन वर्षं झाली. ‘तू आळशी नव्हतीस,’ एवढं तिला सांगायचं हार्लनचं राहून गेलंय.