अकरा ते बारा

मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी आपला गोरा हात माझ्या हाताशेजारी धरून सगळ्यांना दाखवला होता. "पोरगी लई काळी हाय, पर चालंल." सोलापूरच्या उन्हात तीस वर्षं त्या छत्रीशिवाय अंगणातही उतरल्या नाहीत. यंदा त्यांची हाडं दुखायला लागली. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "व्हिटॅमिन डी हवं त्याच्या निम्मंच आहे. गोळ्या द्या, रोज अकरा ते बारा उन्हात बसवा, हात उघडे ठेवून." मी गच्चीवर खुर्ची मांडते. "छत्री दे की," त्या म्हणतात. "डॉक्टरांनी छत्री लिहिलेली नाही, आई." आज महिना झाला. कपडे वाळत घालणाऱ्या बायकांसमोर मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी धरला. फारसा फरक उरला नव्हता. त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. मी पदर अलगद बाजूला केला. "अजून पंधरा मिनिटं राहिलीत, आई."