टाचेवरचा घट्टा

डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाचेवरची गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली आणि ती खुर्चीतून वीतभर उडाली.

"घट्टा नाही हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चामखीळ आहे."

"अहो, मी नाचते. अकरा वर्षं, अनवाणी. आमच्यात सगळ्यांनाच घट्टे पडतात."

"घट्टा चिमटीत दाबला तर दुखत नाही. त्याच्यावरून कातडीच्या रेघा सरळ जातात. इथे बघा, रेघा वळसा घालून गेल्यात. आणि मधले काळे ठिपके म्हणजे आत गोठलेलं रक्त."

त्यांनी औषध लिहून दिलं. रोज पाय कोमट पाण्यात बुडवायचा, मऊ झालेली कातडी घासायची, थेंब लावायचे, वर पट्टी. दोन-तीन महिने तरी चिकाटी हवी. अनवाणी फिरायचं नाही, आणि टाच घासायची वजरी स्वतःची वेगळी ठेवायची.

"संसर्गाने पसरते ही. घरात आणखी कोणाला आहे का?"

तिचा पडलेला चेहरा एकदम उजळला. वहिनीला!

नाचाच्या बाई चेहरे बघत नसत, तळपाय बघत. कार्यक्रमाआधी त्या स्टुलावर बसायच्या, एकेकीचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि टाचेवरून अंगठा फिरवायच्या. घट्टा असला तर सराव झाला, नसला तर मागची रांग. तीन वर्षांपूर्वी तिच्या टाचेवर ही गाठ आली आणि तेव्हापासून एकटीचा नाच तिचाच, हे ठरूनच गेलं होतं. मग दादाचं लग्न झालं. मोठ्या हौसेने तिनेच वहिनीला वर्गात नेलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना! दोन वर्षांत वहिनीच्या टाचेवरही घट्टा. गेल्या महिन्यात बाई त्याच्यावरून अंगठा फिरवून "वा" म्हणाल्या. तो "वा" तिला अकरा वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

यंदा एकटीचा नाच वहिनीला मिळणार, असं वर्गात सगळ्या कुजबुजत होत्या. तिचा नुसता जळफळाट चालला होता. वहिनीने केलेली भाजी तिला खारट लागायची, वहिनी दादाशी हसली तरी मस्तकात तिडीक जायची.

आणि आता हे. घरात न्हाणीघर एक, वजरी एक. म्हणजे वहिनीचा घट्टा सरावाचा कसला, आपल्याच चामखिळीची उसनवारी! वर्गात पोचेपर्यंत तिने सगळं मनात घोळवून ठेवलं. स्वतःच्या टाचेबद्दल ती अर्थातच बोलणार नव्हती.

निवड सुरू झाली. वहिनीचा पाय बाईंच्या मांडीवर आला.

"बाई, तो घट्टा नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चामखीळ आहे. दुसऱ्यांना लागण होते. चिमटीत दाबून बघा, कशी किंचाळते ती."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी चष्मा चढवला, गाठ चिमटीत धरली आणि चांगली करकचून दाबली.

वहिनीने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे हलायला लागले. आणि मग तिला हसूच आवरेना.

"बाई, पुरे ना! गुदगुल्या होतात!"

बाईंनी टाच खिडकीच्या उजेडात धरली आणि बोट फिरवत रेघा पाहिल्या. एकूण एक रेघ सरळ, गाठीवरून पार पलीकडे गेलेली.

"घट्टाच आहे," बाई म्हणाल्या. "घाम गाळून पडलेला."

ती वहिनीकडे बघत राहिली. आता वहिनी चिडेल, चार शब्द सुनावेल, घरी दादाला सांगेल. तिला तेच हवं होतं. म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं.

पण वहिनी चिडली नाही. तिने डोळ्यांतलं हसण्याचं पाणी पुसलं, पाय खाली घेतला आणि नणंदेचा हात धरून तिला स्टुलापाशी पुढे केलं.

"आता ताईंचा दाबा, बाई," वहिनी कौतुकाने म्हणाली. "त्यांच्यासारखा घट्टा पडावा म्हणून तर मी दोन वर्षं रोज पहाटे गच्चीवर नाचतेय."